न थांबणारे रिसेप्टर: प्रस्तावना

काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्निन असतं. ते मज्जारज्जूतल्या ग्लायसीन रिसेप्टरना अडवतं. चेतापेशींवरचा आवर सुटतो आणि साध्या आवाजानेही अंग आकडी येऊन ताठतं. निरोधक चेतासंधी एरवी किती काम गुपचूप करतात, ते अशा वेळी कळतं.

ग्लायसीन किंवा गाबा हा निरोधक चेताप्रेषक येऊन चिकटला की रिसेप्टरमधली वाट उघडते, क्लोराइड आयन आत शिरतात आणि प्रौढ मेंदूतली पेशी सहसा शांत होते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हे रिसेप्टर जागच्या जागी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात ते पेशीपटलात सतत सरकत असतात. 2003 मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियरमध्ये मॅक्सिम दाहां, आंत्वान त्रिये आणि सहकाऱ्यांनी ग्लायसीन रिसेप्टरना क्वांटम डॉट हे चमकणारे अतिसूक्ष्म कण जोडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा माग काढला. काळ्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकतो. तो मध्येच विझतो, म्हणूनच तो एकटा आहे याची खात्री पटते. संधीबाहेर तो ऐसपैस भटकतो. संधीत शिरला की त्याची चाल आखडते, कारण आतल्या बाजूला गेफायरिन नावाच्या प्रथिनाचं जाळं त्याला धरून ठेवतं. ही पकड कायमची नसते. काही वेळाने तो सुटून निघून जातो, दुसरा येतो.

मला या विषयाचं मर्म इथेच वाटतं. संधीचं बळ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा तोल, आणि तो पेशीच्या सक्रियतेनुसार बदलतो. उत्तेजना वाढून पेशीत कॅल्शियम शिरलं की कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं. गाबा-ए रिसेप्टर अधिक मोकळे फिरू लागतात, संधीतली त्यांची दाटी ओसरते. अपस्माराचे झटके लांबले की डायझेपाम या औषधाचा गुण कमी येतो. रिसेप्टर संधी सोडून पेशीच्या आत ओढले जातात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. रुग्णाला औषध लवकर मिळावं, या डॉक्टरांच्या आग्रहाला इथे रेणूंच्या पातळीवरचा आधार सापडतो.

रिसेप्टरची ही भटकंती मोजण्याच्या गणिताने बिचकू नका. रिसेप्टर किती दूर गेला त्या अंतराच्या वर्गाची सरासरी काढा आणि काळासमोर मांडा. रेघ सरळ चढत गेली तर तो मोकळा फिरतो आहे. वाकून सपाट झाली तर कुठेतरी अडकला आहे. इथवर आलात, की या विषयातले मूळ शोधनिबंध थेट वाचायला घ्या.