अक्षरांचा करार

करार म्हटला, की गिरणीतला कामगार आधी विचारतो : तो लिहिला कोणी आणि लिहिताना तिथे कोण बसले होते? संगणकातल्या अक्षरांविषयीही हाच प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. ठाऊक असतो आकडा. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे माणसांनी आपसांत ठरवावयाचे असते. अमेरिकेत १९६३ साली 'ॲस्की' हा तक्ता निघाला. त्यात जागा १२८. इंग्रजीचा सारा संसार तेवढ्यात मांडून झाला. फिनलंड-स्वीडनच्या जादा अक्षरांना मात्र जागा उरली नाही. तिकडच्या लोकांनी मग कंसांच्या व रेघांच्या जागा आपल्या अक्षरांना दिल्या.

पुढे ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन ह्यांनी 'आय.आर.सी.' ही लेखी गप्पांची यंत्रणा उभारली. तिचे नियम मे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षरांचा कोणताही विशिष्ट संच ठरविलेला नाही, असे त्यांत म्हटले आहे. दिसावयास केवढे औदार्य! पण त्याच नियमांत महिरपी कंस हे चौकटी कंसाचे लहान रूप मानावे अशी तरतूद आहे, आणि तिचे कारण दिले आहे यंत्रणेचे स्कँडिनेव्हियन मूळ. ज्यांनी ओटा बांधला त्यांची अक्षरे नियमात बसली. उरलेल्यांनी आपापले पाहावे.

ते पाहताना काय झाले? एका रशियनाने 'कोई-८' तक्ता घ्यावा, दुसऱ्याने 'विंडोज-१२५१', की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या पडद्यावर अगम्य. जपान्यांचे तक्ते आणखी निराळे. तेव्हा गप्पांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी वेगवेगळे तक्ते निवडण्याची सोय केली. पण येणाऱ्या ओळीवर तक्त्याचे नाव नसे. त्यामुळे हा दुभाषाही अंदाजानेच बोले.

सर्वांचा एक तक्ता म्हणून १९९१ मध्ये 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीही होती. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाईक ह्यांनी 'यूटीएफ-८' ही लेखनपद्धती रचली. तिची घडण इतकी काटेकोर, की इतर तक्त्यांतला मजकूर तिच्या कसोटीस सहसा उतरत नाही. म्हणून कित्येक प्रोग्रॅम आलेली ओळ आधी ह्या कसोटीवर घासतात. न उतरल्यास जुना तक्ता लावतात. नवे आणताना जुन्याला दाराबाहेर न काढण्याची ही रीत आम्हांला मोलाची वाटते.

तरी हिशेब पुरता मिटलेला नाही. त्या मूळ नियमांत एक ओळ ५१२ बाइटांची. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजावयाच्या. इंग्रजाच्या पाचशे चिन्हांच्या ओळीत मराठी माणसाला जेमतेम १७० मिळतात.

आपल्याकडे संघटनांच्या कचेऱ्यांतही हे दुखणे ओळखीचे आहे. एका फाँटात टाइप केलेले संपाचे पत्रक छापखान्याच्या संगणकावर उघडावे, तो मराठीच्या जागी निरर्थक खुणा! कारण एकच : प्रत्येक फाँटवाल्याचा तक्ता वेगळा.

नियम न करणे हाही एक नियमच असतो, आणि तो आधी आलेल्यांच्या सोयीचा असतो. श्रोतेहो, अक्षरांचे आकडे जिथे ठरतात, तिथे ती अक्षरे लिहिणारा माणूस बसलाच पाहिजे.