खिडक्यांचा कारभार

दोन वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या कचेरींतून एक जुना संगणक निकामी म्हणून काढण्यांत आला. तो मीं मागून घेतला व त्यावर लिनक्स बसविलें. आरंभीं सर्व साधनांनीं युक्त असा डेस्कटॉप घातला, तेव्हां यंत्र मंदच राहिलें. पुढें तो काढून एक लहानसा विंडो मॅनेजर ठेवला, तों तेंच यंत्र लिहिण्यावाचण्यास पुरेसें झालें. यंत्रांत कांहीं पालट न करतां एवढा फरक कसा पडला, याचा शोध घेतां असें दिसून आलें कीं, ही सोय अकस्मात् झालेली नाहीं. तिच्या मुळाशीं सुमारें चाळीस वर्षांपूर्वींचा एक निर्णय आहे.

हा निर्णय अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत झाला. तेथें १९८३ सालीं 'प्रोजेक्ट अथेना' हा शैक्षणिक उपक्रम सुरू झाला. त्यांत निरनिराळ्या बनावटीचीं यंत्रें एकत्र नांदवावयाचीं होतीं. १९८४ सालीं रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांनीं एक्स विंडो सिस्टिम रचण्यास आरंभ केला. तिची अकरावी आवृत्ति सप्टेंबर १९८७ मध्यें निघाली आणि तीच टिकली. पडद्यावर खिडकी उमटविण्याचें साधन आपण द्यावें. ती कोठें असावी, तिची चौकट कशी असावी, हें मात्र दुसऱ्यांवर सोंपवावें, असें तिचें तत्त्व होतें. हें दुसरें काम ज्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेलें तोच विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांचा कारभारी. हा कारभारी वतनदार नव्हे. तो इतरांसारखाच एक प्रोग्रॅम असून, न रुचल्यास त्याला काढून दुसरा नेमतां येतो.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षीं एक्स त्यावर चालूं लागलें आणि कारभारी निवडण्याचें स्वातंत्र्यहि त्याच्याबरोबर आलें. १९९३ सालीं रॉबर्ट नेशन यानें टॉम लास्ट्रेंजचा 'टीडब्ल्यूएम' हा जुना कारभारी किती मेमरी खर्च करतो हें तपासून, त्यांतून कमी खर्चाचा 'एफव्हीडब्ल्यूएम' तयार केला.

परंतु स्वातंत्र्याची दुसरी बाजूहि लवकरच दिसूं लागली. प्रत्येक प्रोग्रॅमचा तोंडवळा निराळा, बटणें निराळीं, रीत निराळी. सामान्य मनुष्यास यांत वावरणें कठीण, अशी तक्रार करून माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें १९९६ सालीं 'केडीई'चा संकल्प जाहीर केला. केडीई ज्या 'क्यूट' संचावर उभारला जात होता त्याचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून १९९७ सालीं मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनीं 'ग्नोम' आरंभिला. या दोहोंनीं घरांतील सर्व सामान आगाऊच मांडून दिलें. त्यांच्यामुळें लिनक्स पुष्कळांना सुगम झालें, हें साधेपणाच्या भक्तांनीं विसरूं नये.

तथापि मांडून दिलेल्या घरांत ज्यांचें मन रमेना, ते पुन्हां कारभाऱ्याकडे वळले. २००६ सालीं आन्सेल्म गार्बे यानें 'डीडब्ल्यूएम' रचला. त्याचा मूळ मजकूर २००० ओळींच्या आंत ठेवावयाचा, असा दंडक होता. त्यांत खिडक्या सहसा एकमेकींवर पडत नाहींत; शेताचे वांटे पडावे तसा सारा पडदा त्यांच्यांत विभागला जातो, आणि हालचाल माऊसपेक्षां कळांनीं होते. एखादा रंग बदलावयाचा तर 'सी' भाषेंतील फाइल दुरुस्त करून प्रोग्रॅम पुन्हां घडवावा लागतो. यामुळें अजाण लोक दूर राहतात, हें त्याच्या कर्त्यांनीं भूषण म्हणून सांगितलें. येथें काटकसरीचें सोंवळें झालें, असें मला वाटतें. उलट मिखाएल श्टापेलबर्ग यानें २००९ सालीं आरंभिलेल्या 'आय-थ्री'नें वांटणीची रीत ठेवून सर्व आज्ञा एका साध्या फाइलींत लिहिण्याची सोय केली व तिचें सविस्तर मार्गदर्शनहि दिलें. मीं तोच निवडला.

पहिल्या दिवशीं त्यावर मराठी अक्षर उमटेना. मोठ्या डेस्कटॉपांत देवनागरी कळफलक यादींतून निवडतां येतो. येथें तो जोडण्याची आज्ञा मला स्वतः लिहावी लागली. ओळ एकच होती, पण ती सांपडेपर्यंत संध्याकाळ गेली. तेव्हांपासून मात्र माझ्या यंत्रावर कोणती कळ काय करते व कां करते, हें मला ठाऊक आहे. हा सौदा ज्याला महाग वाटेल त्याला कमी लेखण्याचा मला अधिकार नाहीं.

आतां तो मूळ निर्णयच बदलत आहे. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यानें २००८ सालीं आरंभिलेल्या 'वेलँड'मध्यें पडदा रंगविणारा व खिडक्यांचा कारभारी हे बहुधा एकच असतात. यांत लाभ आहे. एक्समध्यें एका प्रोग्रॅमसाठीं दाबलेल्या कळा दुसऱ्यास वाचतां येतात. तो दोष येथें टळला. पण कारभारी लिहूं पाहणाऱ्यावर पूर्वीं नसलेलें मोठें ओझें येऊन पडलें. 'डब्ल्यूएलरूट्स' या सामाईक संचानें तें हलकें केलें, आणि आय-थ्रीच्याच फाइलीवर चालणारा 'स्वे' २०१९ सालीं आपल्या पहिल्या पूर्ण आवृत्तीस पोहोंचला.

१९८७ सालीं निवडीचा हक्क रचनेनेंच दिला होता. सामान्य वाचकानें तो मागितलाहि नव्हता. यापुढें प्रत्येक नव्या रचनेंत तो कोणाला तरी जाणूनबुजून राखावा लागेल. कचेरीनें टाकलेल्या यंत्रावर हा लेख लिहितां आला, याचें कारण तो हक्कच होय.