निरंक

आमच्या घराण्यात संगणकाशी वैर असे माझेच. पुतण्या मात्र पुण्यात प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. परवा जुन्नरला आला तो वैतागूनच. "काका, 'काही नाही' हे दोन प्रकारचं असतं. लोक एकच समजतात आणि माझा प्रोग्रॅम बसतो!"

म्हटले, "अरे, आमची उभी नोकरी त्यात गेली. तक्त्यात रकाना कोरा दिसला की साहेब कागद परत फेकत. 'निरंक' लिहिले की मुकाट्याने सही. कोरा म्हणजे कारकुनाने पाहिलेच नाही. निरंक म्हणजे पाहिले, आणि नाही."

तो उडालाच. १९९५ साली आलेल्या त्याच्या जावास्क्रिप्टमध्ये हीच जोडी आहे म्हणे: कोऱ्याला 'अनडिफाइन्ड', निरंकाला 'नल'. हा नल टोनी होअर या इंग्रज पंडितांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी काढला, करायला सोपा म्हणून. २००९ मध्ये त्यांनीच कान पकडले: ही माझी अब्ज डॉलरची चूक! कॉड नावाच्या दुसऱ्या पंडितांना निरंकही एक पुरेना. 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांना त्यांनी वेगळ्या खुणा सुचवल्या. मला पटले. ब्रह्मचाऱ्याच्या अर्जात पत्नीचे वय लागू नाही. माझ्या अर्जात ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला नाणेघाटात नेले. तिथल्या सातवाहनकालीन लेण्यात नागनिकेचा लेख आहे. यज्ञातल्या दानांचे त्यातले आकडे पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७७ मध्ये उलगडून दाखवले. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही, कारण त्या रीतीत त्याची गरजच नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. ते गेले, पावलांच्या खुणा राहिल्या, वर नावे मात्र शाबूत: सिमुक, नागनिका, सातकर्णी.

"नाव आहे, किंमत नाही. काका, हा नल!" पुतण्या खूष.

परतीला वाट वाकडी करून डिंभे धरणावर गेलो. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव या पाण्याखाली गेले. कचेऱ्या घोडेगावात. कागदावर मात्र रोज 'तालुका आंबेगाव'.

"हाही नलच," पुतण्या म्हणाला, पण हळू आवाजात.

मी काही बोललो नाही. जन्मभर निरंक लिहिणारा माणूस मी. पण ज्यांची चूल त्या पाण्याखाली आहे, त्यांच्या रकान्यात तो शब्द लिहायला माझाही हात धजला नसता.