अकरा दिवसांची मुदत



मी वैद्य नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि गावोगावच्या वाचनालयांत झाले. तेव्हा गर्भारपणातील सोनोग्राफीच्या इतिहासावर हा माणूस कशाला बोलतो, असे आपल्या मनात आले तर ते रास्तच आहे. त्याचे उत्तर माझ्या घरातच आहे.

आमचे घर पेण तालुक्यातील जिते येथे. सून रसायनीकडे एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली काम करते. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच गर्भ गेला. तिसऱ्या खेपेला सहाव्या आठवड्यात तपासणी झाली. पडद्यावर गर्भाची पिशवी दिसली, तिच्यात बलकाचा कोशही दिसला. पण गर्भ दिसेना, हृदयाचा ठोका दिसेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज काहीच ठरवता येत नाही. अकरा दिवसांनी या."

माझे आयुष्य मालकांच्या दारात गेले. आमच्या कामात 'पुढे या' म्हणजे 'नाही' असाच अर्थ असतो. मला वाटले, बाई खरे सांगायला कचरतात. मी जाब विचारायला निघालो, तेव्हा सुनेनेच अडवले. म्हणाली, "बाबा, भांडून ठोका यायचा नाही." मग मी वाचायला बसलो. जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट वाचून मी चकित झालो. हे यंत्र इस्पितळात जन्मलेले नाही; ते कारखान्यातून आले आहे. लोखंडाच्या जाड पत्र्यात किंवा वेल्डिंगच्या सांध्यात आत चीर आहे की काय, हे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने तपासण्याची युक्ती कारागिरांपाशी होती. ध्वनी आत जातो, चिरेवर आदळून परततो, आणि त्या प्रतिध्वनीवरून दोष कळतो. ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड १९५५ साली जवळच्या रेन्फ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात गेले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी त्यांनी सोबत नेल्या आणि त्या या यंत्राखाली धरून पाहिल्या. टॉम ब्राउन नावाच्या तरुण इंजिनिअरने पुढे त्यांच्यासाठी यंत्र घडविले, आणि १९५८ साली डोनाल्ड, मॅकव्हिकर व ब्राउन यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच ग्लासगोत १९७० नंतरच्या दोनचार वर्षांत ह्यू रॉबिन्सन यांनी कोवळ्या गर्भाची लांबी मोजण्याची आणि त्याचा ठोका पाहण्याची रीत बसविली.

आपल्याकडे मात्र हे यंत्र वेगळ्याच कारणाने गाजले. गर्भलिंगनिदानाच्या पापाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो लढा आवश्यकच होता, आजही आहे. पण त्या गलबल्यात या यंत्राचा दुसरा इतिहास सांगायचा राहून गेला.

तो इतिहास घाईचा आहे. लोखंडातली चीर आज आहे तशीच उद्या असते. गर्भ मात्र रोज वाढतो. शिवाय दिवस मोजायचे ते पाळीवरून. बीज उशिरा सुटले तर आपल्या हिशेबापेक्षा गर्भ आठवडाभर लहान असतो. दोन तपासनिसांच्या मोजणीतही थोडा फरक पडतोच. असे असता कित्येक वर्षे अमेरिकेत असा दंडक होता की, गर्भ ५ मिलिमीटरचा असून ठोका नाही, किंवा पिशवी १६ मिलिमीटरची असून आत गर्भ नाही, तर सारे संपले. २०११ साली लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, असल्या मर्यादांनी क्वचित जिवंत गर्भही मृत ठरू शकतो. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या निकषांत त्या मर्यादा ७ आणि २५ मिलिमीटरवर नेल्या. ५ आणि ७ यांत अंतर किती? तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढे! पिशवी व बलकाचा कोश दिसला, पण गर्भ दिसला नाही, तर निदान अकरा दिवसांनी पुन्हा पाहावे, हेही त्यातच आहे. डॉक्टरीणबाईंची मुदत ही टाळाटाळ नव्हती. चुकांतून शिकलेले ते शहाणपण होते. मात्र मध्येच पोटात कळा आल्या, रक्त जाऊ लागले, तर मुदत मोजत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

आता माझ्या प्रांतातले. सुनेने त्या दिवसांत हलके काम मागितले. कंत्राटदार म्हणाला, "अजून काही ठरलेच नाही, तर सवलत कसली?" मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. गरोदर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी महिनाभर रजा आहे. परंतु वाट पाहणे हा आजार नव्हे आणि गर्भपातही नव्हे. ते दिवस कायद्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

अकराव्या दिवशी ठोका दिसला नाही. घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. पण कोणाच्याही मनात शंका उरली नाही. 'आपणच घाई केली का?' हा प्रश्न जन्मभर छळतो. तो आमच्या सुनेच्या वाट्याला आला नाही. ओझे उचलले म्हणून, अमुक खाल्ले म्हणून, असे बोलणाऱ्या शेजारणींनाही डॉक्टरीणबाईंनी ऐकवले की, लवकर जाणारे बरेचसे गर्भ बीजातल्याच दोषाने जातात. बाईच्या वागण्याने नव्हे. सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज मी स्वतः लिहिला. कंत्राटदाराला हे कलमच ठाऊक नव्हते. तीन फेऱ्यांनंतर रजा मंजूर झाली.

म्हणून एवढेच मागणे आहे. अशी मुदत ज्या घरी चालू असेल, तिथे 'काय झाले?' असे रोज विचारू नका. ज्यांच्या हाताखाली बायका कामाला आहेत, त्यांनी त्या दिवसांत जड काम देऊ नये आणि हजेरी कापू नये. आणि युनियनच्या माझ्या सोबत्यांनो, पुढच्या मागणीपत्रकात या अकरा दिवसांसाठी एक ओळ घाला. बॉयलर तपासणाऱ्या कामगाराच्या हत्यारावर आज आयांची तपासणी चालते. त्या आयांसाठी एवढे मागणे कामगारांना जड जाऊ नये.