टपालखात्याची तिजोरी आणि तिचा पहारेकरी

सार्वजनिक पैशावर पहारा ठेवावयाचा तो चोरांच्या भयानें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चूक नाहीं. पण अपुरी आहे. हिशेबतपासणीच्या इतिहासांतील एका मोठ्या बोधप्रद प्रकरणांत चोर कोणीच नव्हता. ज्यानें नियम मोडला तो आपल्या काळचा अत्यंत कर्तबगार अधिकारी होता. त्यानें तो मोडला लोकांच्या सोयीसाठीं. आणि स्वतःच्या खिशांत त्यानें एक पैहि टाकली नाहीं. तथापि १८७३ सालीं त्या प्रकरणानें ब्रिटिश मंत्रिमंडळ हादरून गेलें. हें घडलें ब्रिटनच्या टपालखात्यांत.

त्या अधिकाऱ्याचें नांव फ्रँक आयव्हिस स्कुडामोर. १८६१ सालीं ग्लॅडस्टन हे अर्थमंत्री असतांना पोस्टाची सेव्हिंग्ज बँक निघाली. तिची योजना आंखण्यांत स्कुडामोरचा वांटा मोठा होता. मोलकरीण, मजूर, खेड्यांतला कारागीर, कोणीहि जवळच्या पोस्टांत जाऊन एका शिलिंगापासून पैसा ठेवावा आणि त्या पैशास सरकारची हमी असावी, अशी ही व्यवस्था. हा पैसा पोस्टानें स्वतः वापरावयाचा नव्हता. तो राष्ट्रीय कर्जाच्या कमिशनरांकडे पाठवावा आणि त्यांनीं तो सरकारी रोख्यांत गुंतवावा, असा कायदा होता.

ग्लॅडस्टन यांच्याच पुढाकारानें आणखी दोन गोष्टी घडल्या. १८६१ सालींच कॉमन्स सभेची सार्वजनिक हिशेब समिति स्थापन झाली, आणि १८६६ च्या कायद्यानें कंट्रोलर अँड ऑडिटर-जनरल हें पद निर्माण झालें. पार्लमेंटनें ज्या कामासाठीं जेवढा पैसा मंजूर केला, त्याच कामासाठीं व तेवढाच तो खर्च झाला कीं नाहीं, हें या अधिकाऱ्यानें पाहावयाचें आणि जें आढळेल तें पार्लमेंटपुढें मांडावयाचें. सात वर्षांनीं हाच पहारा ग्लॅडस्टन यांच्या स्वतःच्या सरकारच्या दारीं येऊन उभा राहावयाचा होता.

१८७० पर्यंत ब्रिटनमधील तारायंत्रें खासगी कंपन्यांच्या हातीं होतीं. कंपन्यांचें लक्ष मोठ्या शहरांतील नफ्यावर. लहान गांवांना तारेची सोय असली तर ती बहुधा वस्तीपासून दूर, रेल्वे-स्टेशनांत. तारा टपालखात्याकडे घ्याव्या हा आग्रह स्कुडामोरनें धरला आणि तडीस नेला. आरंभीं त्यानें सांगितलेला अदमास सुमारें २५ लाख पौंडांचा होता. १८६९ च्या कायद्यानें ७० लाख पौंड उभारण्याची परवानगी द्यावी लागली. १८७० च्या आरंभीं तारा सरकारी झाल्या. वीस शब्दांची तार एका शिलिंगांत, मग अंतर कितीहि असो, असा दर ठरला. तारांचा पूर लोटला. नव्या कचेऱ्या, नव्या वाहिन्या, नवीं यंत्रें यांवांचून काम चालेना. मंजूर रक्कम संपत आली. पण स्कुडामोरला थांबणें ठाऊक नव्हतें.

त्याच्या हाताशीं रोकड मात्र पुष्कळ होती. टपालाचें उत्पन्न रोज येत होतें आणि सेव्हिंग्ज बँकेंतील ठेवीहि रोज येत होत्या. ठेवी कमिशनरांकडे जाण्यापूर्वीं टपालखात्याच्या हातांतून जात. या वाहत्या प्रवाहांतूनच तारांचीं कामें चालू ठेवण्यांत आलीं. अशा रीतीनें ८ लाख पौंडांहून अधिक रक्कम पार्लमेंटच्या मंजुरीवांचून खर्च झाली.

ऑडिटर-जनरलनें ही गोष्ट उघड केली, हिशेब समितीनें तिचा पाठपुरावा केला, आणि १८७३ च्या उन्हाळ्यांत कॉमन्स सभेंत वादळ उठलें. स्कुडामोरनें सर्व दोष आपल्या शिरावर घेतला. परंतु तेवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. टपालमंत्री मॉन्सेल यांना आपल्याच खात्यांत काय चाललें आहे याची खबर नव्हती. अर्थखात्याचें काम खर्चावर लगाम ठेवण्याचें. पण तो लगाम सैल पडला होता. त्या वर्षीं मॉन्सेल पदावरून गेले. अर्थमंत्री लो यांना गृहखात्यांत हलविण्यांत आलें आणि पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनीं अर्थखातें स्वतःकडे घेतलें. स्कुडामोरनें १८७५ सालीं नोकरी सोडली व तो तुर्कस्तानच्या टपालाची व्यवस्था लावण्यास निघून गेला. तेथेंच १८८४ सालीं त्याचा अंत झाला.

कोणा ठेवीदाराचा एक शिलिंगहि बुडाला नाहीं. तारा तर देशास मिळाल्याच. मग अपराध तो कोणता? अपराध हा कीं, तारांवर किती खर्च करावा हें ठरविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा होता, तो एका अधिकाऱ्यानें आपल्या हातीं घेतला. आणि गरिबांनीं विश्वासानें ठेवलेला पैसा ज्या कामासाठीं ठेवला नव्हता त्या कामीं लावला. आज सज्जनानें चांगल्या हेतूनें उघडलेल्या दारांतून उद्यां दुर्जन आंत शिरतो. शिवाय कर्तबगार माणसाच्या घाईस आवर घालणें चोरास पकडण्याहून अवघड असतें. कारण चोराच्या बाजूनें कोणी बोलत नाहीं, कर्तबगाराच्या बाजूनें सारेच बोलतात.

हें कटु कर्तव्य ऑडिटर-जनरलला करतां आलें याचें कारण त्याच्या पदाच्या रचनेंत आहे. त्याचा पगार दरसाल मंत्र्यांच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. पार्लमेंटच्या दोन्ही सभांनीं मागणी केल्यावांचून त्याला काढतां येत नव्हतें. तो टपालखात्याचाच नोकर असता, तर स्कुडामोरसारख्या वरिष्ठाविरुद्ध त्याची लेखणी कितपत चालली असती?

हेंच तत्त्व भारतीय राज्यघटनेंत आलें. घटनेच्या १४८ व्या कलमाप्रमाणें नियंत्रक व महालेखापरीक्षक यास सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेंच दूर करतां येतें, एरवीं नाहीं. १९४९ सालीं घटनासमितींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा अधिकारी घटनेंतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा होय असें प्रतिपादन केलें, आणि न्यायसंस्थेइतकें तरी स्वातंत्र्य त्यास हवें असा आग्रह धरला. भारतांत पोस्टाची सेव्हिंग्ज बँक १८८२ सालीं सुरू झाली. आज टपालखात्याचे हिशेब याच अधिकाऱ्याच्या तपासणीखालीं येतात. घरोघरच्या कपाटांत पोस्टाचें पासबुक असतें. त्यावरील शिक्क्यास जी किंमत आहे, ती पोस्टमास्तरांच्या सचोटीमुळें तर आहेच. पण त्या सचोटीवरहि ज्याची नजर आहे, आणि ज्याला कोणाची भीड बाळगावी लागत नाहीं, अशा तपासनिसामुळेंहि आहे.