प्रवाळवासी लघुकोळंबीची ओळख : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोळंबी परिचित असते ती भीमा व सीना या नद्यांतील किंवा उजनी जलाशयातील, म्हणजेच गोड्या पाण्यातील. समुद्रातील प्रवाळ त्याला दिसतो तो प्रयोगशाळेच्या कपाटात, पांढऱ्या कोरड्या सांगाड्याच्या रूपाने. त्या सांगाड्याच्या फांद्यांमध्ये एकेकाळी एक ते तीन सेंटिमीटर लांबीच्या कोळंब्यांचे वास्तव्य असू शकते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. जगभर प्रवाळ-मत्स्यालये ठेवणाऱ्या हौशी मंडळींना मात्र या प्राण्याचा अनुभव वारंवार येतो. टाकीत नवा प्रवाळ सोडला की काही दिवसांनी त्याच्या फांद्यांतून एखादी पारदर्शक कोळंबी डोकावते. ती कोणी मुद्दाम आणलेली नसते. अशा आगंतुक कोळंबीची जात कोणती, ती प्रवाळाला अपायकारक की उपकारक, हे प्रश्न तेव्हा उभे राहतात. याच प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी प्राणिशास्त्रज्ञांनी दोनशे वर्षे खर्च केली आहेत.

प्रस्तुत शोधनिबंधात (1) प्रवाळवासी कोळंबीच्या ओळखीचा इतिहास मांडणे, (2) त्यातील भारतीय अध्ययनाचे स्थान तपासणे आणि (3) ओळख निश्चित करताना यजमान प्रवाळाच्या नोंदीचे महत्त्व स्पष्ट करणे ही उद्दिष्टे ठेवली आहेत.

चित्र आधी, नाव नंतर

या इतिहासाचा आरंभ नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेपाशी (1798-1801) होतो. मोहिमेबरोबर गेलेल्या साविन्यी या निसर्गशास्त्रज्ञाने तेथील अपृष्ठवंशीय प्राण्यांची अत्यंत बारकाईची चित्रे तयार करवून घेतली. परंतु पुढे नेत्रविकारामुळे त्याला लेखन अशक्य झाले. चित्रांचा खुलासा लिहिण्याचे काम ओदुआं याच्याकडे आले आणि 1826 मध्ये त्याने त्यांतील प्राण्यांना नावे दिली. आज हार्पिलिऑप्सिस बोप्रेसी या नावाने ओळखली जाणारी प्रवाळवासी कोळंबी त्यांपैकीच एक होय. ज्याने प्राणी पाहिला त्याला लिहिता आले नाही आणि ज्याने लिहिले त्याच्यापुढे प्रामुख्याने चित्रच होते.

अमेरिकेच्या सागरी संशोधन मोहिमेत (1838-1842) सहभागी झालेल्या जेम्स ड्वाइट डेना यांनी 1852 मध्ये कवचधारी प्राण्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रवाळांवर राहणाऱ्या काही कोळंब्यांना त्यांनी 'इडिपस' हे प्रजातिनाम दिले होते; परंतु ते नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिले गेले होते. म्हणून विल्यम स्टिम्प्सन यांनी 1860 मध्ये 'कोरॅलिओकॅरिस', म्हणजे प्रवाळातील कोळंबी, हे नवे नाव योजले. प्राण्याचे निवासस्थान अशा रीतीने त्याच्या नावातच आले. स्टिम्प्सन यांचा शिकागो येथील मौल्यवान संग्रह मात्र ऑक्टोबर 1871 च्या भीषण आगीत भस्मसात झाला. मूळ नमुना नष्ट झाला की नंतरच्या अभ्यासकाला केवळ छापील वर्णनावर विसंबावे लागते. ते वर्णन त्रोटक असेल तर ओळखीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो.

भारतातील अध्ययन

भारतात या विषयाची पायाभरणी मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील प्राध्यापक जे. आर. हेंडरसन यांनी केली. एडगर थर्स्टन यांनी रामेश्वरम परिसरात व मन्नारच्या आखातात जमविलेल्या नमुन्यांचा त्यांच्या अभ्यासाला मोठा आधार मिळाला आणि 1893 मध्ये भारतीय कवचधाऱ्यांवरील त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. एका महाविद्यालयीन अध्यापकाने हे कार्य केले, ही बाब आजच्या महाविद्यालयीन अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

यानंतरचे नाव स्टॅन्ले केम्प यांचे. ते 1910 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये रुजू झाले. 1916 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाल्यावर त्यांनी तेथे काम केले. 1922 मध्ये त्यांनी प्रवाळ, स्पंज, शिंपले इत्यादींच्या आश्रयाने राहणाऱ्या कोळंब्यांवर सुमारे पावणेदोनशे पृष्ठांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वर्णन केलेल्या नव्या जातींपैकी दोन नावे उद्बोधक आहेत. 'अंदमानेन्सिस' या नावात प्राण्याचे स्थान नोंदलेले आहे, तर समुद्रलेखणीवर राहणाऱ्या 'डॅसिकॅरिस सिम्बायोटिस' या कोळंबीच्या नावात तिची सहजीवनाची रीत नोंदलेली आहे. कोठे सापडली आणि कोणासोबत सापडली, या दोन माहितींची जोड ओळखीसाठी किती आवश्यक आहे, हे या दोन नावांतून दिसून येते. पुढे नेदरलँड्सचे होल्थायस आणि त्यानंतर ए. जे. ब्रूस यांनी या गटाचे वर्गीकरण अधिक काटेकोर केले. आश्रयाने राहणाऱ्या कोळंब्यांचा हा गट दीर्घकाळ उपकुल म्हणून ओळखला जात होता; 2015 मध्ये ती विभागणी रद्द होऊन तो पॅलिमोनिडी या व्यापक कुलात सामावला गेला.

ओळखीची लक्षणे

ओळखीची पहिली पायरी म्हणजे हा प्राणी खरोखर कोळंबी आहे काय, हे ठरविणे. टाकीत थव्याने तरंगणारे मायसिड कोळंबीसारखे दिसतात. परंतु त्यांच्या मादीच्या छातीखाली पिलांची पिशवी असते. कोळंबी निश्चित झाल्यावर तिचे पाय पाहावेत. चिमट्यांची पहिली जोडी मोठी, त्यांतील एक चिमटा अवाढव्य आणि डोळे कवचाच्या टोपीखाली झाकलेले असतील, तर ती टिचकीसारखा आवाज करणाऱ्या अल्फियस गटातील होय. पहिली जोडी नाजूक, दुसरी मोठी आणि डोळे उघडे असतील, तर ती केम्प यांनी अभ्यासलेल्या गटातील असण्याचा संभव अधिक. त्यानंतर डोळ्यांच्या मधून पुढे आलेल्या करवती काट्याचे वरचे व खालचे दात मोजावे लागतात. कोरॅलिओकॅरिसच्या मोठ्या चिमट्याच्या एका बोटावरील उंचवटा दुसऱ्या बोटावरील खळगीत बरोबर बसतो. हे लक्षण भिंगातून सहज दिसते.

रंग हे हौशी निरीक्षकाला सर्वांत आधी दिसणारे लक्षण होय. परंतु मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यात ते टिकत नाही. याउलट छायाचित्रात रंग दिसतो, पण दात मोजता येतीलच असे नाही. यास्तव नमुना व छायाचित्र ही परस्परपूरक साधने मानली पाहिजेत.

यजमानाची साक्ष

कोरॅलिओकॅरिसच्या जाती प्रामुख्याने अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावर आढळतात, तर हार्पिलिऑप्सिस आणि अल्फियस लॉटिनी यांचा संबंध पोसिलोपोरा व त्याच्या आप्तांशी आहे. म्हणून यजमान कळला की शक्यतांची यादी बरीच लहान होते. ही कोळंबी केवळ आश्रित नसते. पीटर ग्लिन यांनी 1970 च्या दशकात पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर केलेल्या अभ्यासात अल्फियस लॉटिनी व तिच्यासोबत राहणारे खेकडे प्रवाळभक्षक काटेरी तारामाशाला हुसकावून लावतात, असे आढळले. आगंतुक म्हणून काढून टाकलेली कोळंबी ही प्रवाळाची राखणदार असू शकते. अलीकडील जनुकीय अभ्यासांनुसार अल्फियस लॉटिनी या एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक जाती आहेत. अशा वेळी नमुना कोणत्या समुद्रातला, ही नोंद नसेल तर नाव अपुरे राहते. संग्रहालयातील जुन्या बरणीवर स्थळ असते, पण यजमान पुष्कळदा नोंदलेला नसतो. मत्स्यालयात यजमान समोर असतो, पण त्याचे मूळ स्थळ व्यापाराच्या साखळीत हरवलेले असते.

महाराष्ट्राचा संदर्भ

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले आणि सर्वसामान्य मराठी माणसाला सागरी जीव काचेपलीकडे पाहावयास मिळाले. आपल्याच किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहेत, याची शास्त्रीय जाणीव मात्र उशिरा झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासिम व वाफर यांनी 1979 मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. 1987 मध्ये मालवण येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. मालवणच्या गढूळ पाण्यात घुमटाकार व पसरट प्रवाळांचे प्राबल्य आहे; त्यामुळे अंदमानातील फांद्यांच्या प्रवाळांवरून बनविलेली कोळंबीची यादी येथे जशीच्या तशी लागू करणे योग्य ठरणार नाही. विजयदुर्गपासून दूर समुद्रात असलेला आणि कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा परिसरही स्वतंत्र अभ्यासाचा विषय होय.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या प्रथम अनुसूचीत 2001 मध्ये खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळे कोळंबी शोधण्यासाठी प्रवाळ फोडून आणणे हा जुना मार्ग आज बंद आहे, आणि तो बंद असणेच उचित आहे. जागेवरील छायाचित्र, यजमानाची नोंद, आवश्यक तेथे परवानगीने घेतलेला एखादा नमुना आणि जुन्या संग्रहांचे पुनरध्ययन हेच मार्ग उरतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात 1959 पासून आहे. समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरच्या अभ्यासकालाही संग्रहाधारित अभ्यास अप्राप्य नाही.

निष्कर्ष

1. प्रवाळवासी कोळंबीची ओळख चित्र, नमुना, रंगनोंद व जनुकीय पुरावा या टप्प्यांनी विकसित झाली. नवे साधन आले तरी जुने निरुपयोगी ठरले नाही.

2. भारतातील हेंडरसन व केम्प यांचे कार्य या अभ्यासाच्या जागतिक परंपरेत पायाभूत स्वरूपाचे आहे.

3. शरीरलक्षण, स्थळ व यजमान या तिन्हींची नोंद एकत्र असल्याखेरीज ओळख पूर्ण होत नाही.

4. कोकण किनाऱ्यावरील प्रवाळवासी कोळंबीचा यजमानानुसार पद्धतशीर अभ्यास होणे आवश्यक आहे. समुद्राचे तापमान वाढून प्रवाळ विरंजित होत असताना यजमानाबरोबर त्याच्या आश्रितांनाही धोका आहे, आणि नाव मिळण्यापूर्वीच एखादी जात नाहीशी झाली तर तिची नोंद करण्याची संधी पुन्हा मिळणार नाही.