टर्बोच्या इतिहासात फ्युएल पंप कुठे आहे?

टर्बोचार्जरचा इतिहास सांगणारं कुठलंही लोकप्रिय पुस्तक उघडा, तो हवेचा इतिहास निघतो. १९०५ मध्ये स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी एक्झॉस्टच्या वायूंवर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबायची कल्पना पेटंटमध्ये मांडली. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे १४ हजार फुटांवर नेलं आणि विरळ हवेतही टर्बोमुळे ते पूर्ण ताकद देतं हे दाखवलं. मग विमानं, ट्रक, मोटारी, शर्यती. प्रत्येक प्रकरणात टर्बाइन, कंप्रेसर, वेस्टगेट, इंटरकूलर. सगळी हवा.

आता ट्यूनिंग करणाऱ्या एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन विचारा, ‘टर्बो गाडीची ताकद वाढवायची आहे, सुरुवात कुठून करू?’ जाणता मेकॅनिक हवेबद्दल बोलणारच नाही. तो म्हणेल, आधी पंप बदला, मग ट्यूनिंगचं बघू. (पंप म्हणजे टाकीतला फ्युएल पंप. नुसतं ‘पेट्रोल पंप’ म्हटलं तर आपल्याकडे माणूस रांगेत जाऊन उभा राहतो.)

पुस्तकं एक सांगतात आणि गॅरेज दुसरंच, तेव्हा संशोधकाने कान टवकारायला हवेत. गॅरेजमधला नियम हाही इतिहासाचा दस्तऐवज असतो. बरीच इंजिनं गेल्याशिवाय असा नियम तयार होत नाही.

आधी तो नियम नीट समजून घेऊ. इंजेक्टर ही एक झडप आहे. ती किती मिलिसेकंद उघडी ठेवायची हे ईसीयू ठरवतं. ते ठरवताना त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक कायम, समजा ३ बार, आहे. बूस्ट वाढला की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, म्हणून रेग्युलेटर पेट्रोलचा दाबही तेवढाच चढवतो. दीड बार बूस्ट असेल तर पंपाला साडेचार बारच्या विरुद्ध पेट्रोल ढकलावं लागतं. पण दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे इंजिनाला पेट्रोल सर्वांत जास्त हवं असतं, नेमकं तेव्हाच पंपाची देण्याची क्षमता सर्वांत कमी असते.

समजा पंप कमी पडला आणि ३ बारचा फरक २ वर आला. प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पेट्रोल सुमारे १८ टक्के कमी जातं. आधी १२ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं मिश्रण असेल तर ते १४.७ ला १ होतं. गंमत म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबात हेच आदर्श प्रमाण! हायवेवर संथ चालताना ते उत्तम. पण पूर्ण बूस्टवर नॉकिंग सुरू होऊन पिस्टन वितळायला एवढं पुरतं. आणि जुन्या ईसीयूंना यातलं काही कळतच नाही. झडप ठरलेला वेळ उघडली, म्हणजे पेट्रोल गेलं, असं ते धरून चालतात.

क्रमाचं कारणही यातच आहे. कमजोर पंपावर ट्यूनिंग केलं तर पडणारा दाब भरून काढायला ट्यूनर इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो. नंतर पंप बदलला की तो अख्खा मॅप चुकतो.

आता हा नियम डोक्यात ठेवून १९६२ च्या अमेरिकेत जाऊ. त्या वर्षी जनरल मोटर्सने दोन टर्बो मोटारी बाजारात आणल्या, शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर. दोन्हींत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी बसवला होता. टर्बो त्यातून हवा आणि पेट्रोल एकत्र ओढून घ्यायचा. म्हणजे कार्ब्युरेटरला बूस्टचा दाब लागतच नसे आणि इंजिनावरचा साधा डायफ्रॅम पंप पुरायचा. पंपाचा प्रश्न सोडवला नव्हता, टाळला होता.

जेटफायरची गोष्ट जास्त बोलकी आहे. साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती आणि १०.२५ ला १ इतकं चढं कॉम्प्रेशन. अशा इंजिनावर टर्बो म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून बूस्टच्या वेळी आत सोडलं जाई. नाव भारदस्त होतं, ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. टाकी रिकामी झाली तर एक झडप बूस्ट रोखून धरायची. ग्राहक ती टाकी भरायला विसरायचे, मग गाडी मंदावली म्हणून तक्रार करायचे. पुढे कंपनीने बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. दोनच वर्षांत, दहा हजारांच्या आतच, मॉडेल बंद पडलं.

‘ग्राहक आळशी होते’ हे या अपयशाचं नेहमीचं स्पष्टीकरण. मला ते पटत नाही. वाढलेल्या हवेबरोबर इंजिनाला जास्तीचा द्रव लागतो हे अभियंत्यांना पक्कं ठाऊक होतं. तो पुरवण्याचं काम मात्र त्यांनी यंत्राकडून काढून माणसाकडे दिलं. जेटफायरमध्ये फ्युएल सिस्टिमचा एक भाग म्हणजे गाडीचा मालक होता!

इथे थॉमस ह्यूज यांची एक संकल्पना कामाला येते. विजेच्या जाळ्यांच्या इतिहासावरचं त्यांचं ‘नेटवर्क्स ऑफ पॉवर’ हे पुस्तक १९८३ चं. तंत्रज्ञानाची वाढ ते रणांगणावरच्या आघाडीसारखी पाहतात. आघाडी पुढे सरकते, पण एखादा पट्टा मागे राहतो आणि त्यामुळे सगळंच अडतं. या मागे राहिलेल्या पट्ट्याला ते ‘रिव्हर्स सेलिअन्ट’ म्हणतात. एडिसनची डीसी वीज स्वस्तात लांबवर नेता येत नव्हती, हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. ह्यूज यांचा पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. असा पट्टा जुन्या व्यवस्थेत राहून दुरुस्त होत नसेल, तर तिच्या शेजारी नवीच व्यवस्था उभी राहते.

टर्बो मोटारींत तेच झालं. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्ये कार्ब्युरेटर नव्हता, कुगेलफिशरचं मेकॅनिकल इंजेक्शन होतं. पाठोपाठ आलेल्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये बॉशचं के-जेट्रॉनिक. ‘टर्बो मोटारींचं युग सुरू झालं’ असं आपण म्हणतो, पण दाबाखाली मोजून पेट्रोल देणारी यंत्रणा आधी तयार होती म्हणून ते सुरू झालं. अर्थात जुनी व्यवस्था एका रात्रीत मेली नाही. लोटस एस्प्री टर्बो आणि मासेराती बायटर्बोने १९८० च्या सुमारास टर्बोच्या पुढे, म्हणजे बूस्टच्या दाबात कार्ब्युरेटर बसवून पाहिला. त्यात पेट्रोलचा दाब बूस्टपेक्षा सतत थोडा वर ठेवावा लागतो, नाहीतर पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये शिरतच नाही. आजच्या गॅरेजचा नियम पहिल्यांदा कुठे सक्तीचा झाला असेल, तर माझ्या मते इथे.

कागदपत्रं कशी वाचायची याचा धडा हवा असेल तर पुढचा मुक्काम जपान. १९८९ पासून २००४ पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवून देशातल्या गाड्यांची जाहीर ताकद २८० पीएसवर थांबवली होती. १९९३ च्या टोयोटा सुप्रा टर्बोच्या जपानी माहितीपत्रकातही २८०च आहे. पण सुट्या भागांचे तपशील पाहा. जपानी गाडीला मिनिटाला ४४० सीसीचे सहा इंजेक्टर, निर्यातीच्या गाडीला ५५० सीसीचे. सहा ४४० सीसी म्हणजे तासाला साधारण १५८ लिटर. इंजेक्टर ८० टक्के वापरले आणि दर अश्वशक्तीला तासाला २७० ग्रॅम पेट्रोल हा ट्यूनरांचा ठोकताळा लावला, तर साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्तीचं पेट्रोल मिळतं. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त.

यावरून ‘कंपनी खोटं बोलत होती’ असं लगेच लिहू नका. क्षमता म्हणजे वापर नव्हे, कंपन्या मुद्दाम राखीव ठेवतात. पण ती राखीव कुठे संपते हा प्रश्न तरी आपल्याला विचारता येतो, आणि नव्वदच्या दशकातले ट्यूनर तोच विचारत होते. बूस्ट वाढवला, इंजेक्टर मोठे केले, की पुढचा अडथळा पंप. वॉलब्रोचा ताशी २५५ लिटरचा टाकीत बसणारा पंप जगभरच्या गॅरेजांमध्ये इतका रुळला की ‘२५५’ म्हटलं तरी पुरे. हा आकडाही तपासूनच वापरायचा. तो ठराविक दाबाला आणि ठराविक व्होल्टेजला मोजलेला असतो. जुन्या वायरिंगमधून पंपापर्यंत १३.५ ऐवजी ११ व्होल्ट पोचत असतील तर डब्यावरचे लिटर डब्यावरच राहतात.

ताकद शेवटी पेट्रोलच्या प्रवाहावर ठरते हे इतिहासकारांच्या आधी नियम करणाऱ्यांना कळलं होतं. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनं हाताबाहेर जाऊ लागली तेव्हा १९८४ मध्ये शर्यतीत पेट्रोल भरायला बंदी आली आणि गाडीमागे २२० लिटरची मर्यादा. १९८६ ला १९५, आणि १९८८ ला टर्बोसाठी १५०. बूस्टवर थेट मर्यादा आली ती १९८७ मध्ये, म्हणजे पेट्रोलवरच्या मर्यादेनंतर. २०१४ ला टर्बो परत आला तेव्हा तर प्रवाहच बांधून टाकला, तासाला जास्तीत जास्त १०० किलो.

हा आकडा गॅरेजच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. आपल्या ठोकताळ्याने ४०० अश्वशक्तीच्या ट्यून केलेल्या गाडीला तासाला साधारण १०८ किलो लागतं, फॉर्म्युला वनच्या इंजिनापेक्षाही जास्त! हिशेब केला तर त्या गाडीत पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्साही चाकांकडे जात नाही. मर्सिडीजने २०१७ मध्ये आपल्या शर्यतीच्या इंजिनाची कार्यक्षमता चाचणीत ५० टक्क्यांवर गेल्याचं जाहीर केलं होतं. हा फरक नुसत्या उधळपट्टीचा नाही. ट्यून केलेल्या गाडीत जास्तीच्या पेट्रोलचा एक भाग जळण्यासाठी नसतोच, आतलं तापमान खाली ठेवण्यासाठी असतो. जेटफायरमध्ये जे काम पाणी आणि मिथेनॉल करत होतं, ते इथे पेट्रोलच करतं. म्हणून पंप कमी पडला की ताकद घटते एवढंच होत नाही, थंडावाही जातो.

ह्यूज यांची संकल्पना वापरताना एक पथ्य पाळा. मागे वळून पाहिलं की कुठलाही भाग ‘अडलेला पट्टा’ म्हणून दाखवता येतो. त्या काळच्या लोकांनी त्याला अडथळा मानलं होतं का, याचा पुरावा हवा. तो माहितीपत्रकात क्वचित मिळतो. सर्व्हिस मॅन्युअल, सुट्या भागांचे कॅटलॉग, शर्यतींचे नियम आणि वादांचे निकाल चाळा. २०१४ च्या पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, डॅनियल रिकार्डो दुसरा आला आणि प्रवाहाची मर्यादा ओलांडली म्हणून बाद झाला. रेड बुल संघाचं म्हणणं होतं की अधिकृत सेन्सर चुकीचं दाखवतो, आमचा हिशेब बरोबर आहे. प्रकरण अपील न्यायालयात गेलं, संघ हरला. पाईपमधून किती पेट्रोल गेलं हे सांगायचा अधिकार कुणाचा, यावर दोन्ही बाजूंनी तिथे युक्तिवाद झाले. या विषयावर काम करायचं असेल तर मी सुरुवात त्या निकालापासून करायला सांगेन.